वाळवंटी रॅलीत दणकट गाडीचं काम नेमकं काय असतं?

साताऱ्याच्या एका तरुणाने विचारलं आहे: "माझ्याकडे तीन दारांची डिझेल थार आहे. येत्या हिवाळ्यात राजस्थानातल्या क्रॉस-कंट्री रॅलीत उतरायचं मनात आहे, पुढे जमलं तर डकार या दोन आठवड्यांच्या जगप्रसिद्ध वाळवंटी रॅलीतही. आधी काय करू? इंजिनची ताकद वाढवू, गाडी चार इंच उचलू, की मोठे टायर घालू? आणि एक शंका. डकारमध्ये लँड क्रूझर वर्षानुवर्षं उतरते, पण एकूण निकालात वर कुठे दिसत नाही. मग अशा गाडीचा तिथे उपयोग काय?"

मी आधी शंकेचं उत्तर देतो. ते कळलं की थारचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

माझी ओळख म्हणाल तर मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात इंजिनं उघडायला शिकलो, मग अकरा वर्षं शारजात एका गॅरेजमध्ये लँड क्रूझर आणि निसान पॅट्रोल या गाड्या वाळूसाठी तयार केल्या. आता दर हिवाळ्यात राजस्थानात रॅलीच्या गाड्यांमागे सर्व्हिसची गाडी घेऊन फिरतो. डकारमध्ये काम केलेलं नाही. जे सांगतो ते त्याच जातीच्या गाड्या वाळूत पाहून आणि रात्री उघडून.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला करू. डकारमध्ये पहिली येणारी टोयोटाची हायलक्स आणि शोरूममधली हायलक्स यांचं नातं फार तर चेहऱ्यापुरतं आहे. जिंकणाऱ्या गाडीखाली चेसिस नसते, नळ्या जोडून केलेला सांगाडा असतो. वरची बॉडी कार्बन फायबरची, इंजिन वजन मध्यावर यावं म्हणून मागे ओढलेलं. २०२२ पासून आलेल्या टी-वन प्लस या वरच्या गटाच्या नियमांत या गाड्यांना ३७ इंची टायर, ३५० मिलिमीटर सस्पेन्शनची हालचाल आणि २.३ मीटर रुंदी मिळाली. त्याआधी हेच आकडे ३२ इंच, २८० मिलिमीटर आणि २ मीटर होते. ही गाडी वाळवंटासाठीच जन्माला येते. तिला बाजारात भाजी आणायला जायचं नसतं.

तुम्ही म्हणता ती लँड क्रूझर उत्पादन गटातली, टी-टू या नावाने ओळखली गेलेली. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस गिऱ्हाइकाला मिळते तीच. बदलता येतं ते मोजकं: शॉकअप, स्प्रिंगा, सीट, टाकी, आतला सुरक्षा पिंजरा. टोयोटा ऑटो बॉडीचा संघ १९९५ पासून या गाड्या घेऊन उतरतोय आणि २०१४ ते २०२३ सलग दहा वर्षं त्यांनी हा गट जिंकला. आधी ४.५ लिटरच्या व्ही-एट डिझेलची २०० मालिका, २०२३ ला ३.३ लिटर व्ही-सिक्स डिझेलची ३००. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की या संघात जपानमधल्या टोयोटा डीलरांकडचे मेकॅनिक येतात. एरवी गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऑइल बदलणारा माणूस दोन आठवडे तंबूत झोपून, रात्री डोक्याला दिवा बांधून तीच गाडी उघडतो. परत गेल्यावर त्याच्या हाताला जे कळलेलं असतं ते कुठल्या प्रशिक्षण वर्गात मिळत नाही.

आणि ते ज्ञान गाडीत उतरतंही. ३०० मालिकेतली जीआर स्पोर्ट ही आवृत्ती डकारच्या चालकांकडून आलेल्या सूचनांवर घडवली, असं कंपनीने जाहीरपणे सांगितलं आहे. एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक, आणि गाडीचं झुकणं रोखणारा, रस्त्यावर कडक पण खडबडीत जागी मोकळा सुटणारा स्टॅबिलायझर बार. म्हणजे या गाडीचं काम पहिलं येणं नाहीच. विकली जाते तशीच गाडी रोज काहीशे किलोमीटर वाळू, दगड आणि धूळ खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होते की नाही, हे तपासायला ती तिथे जाते.

ही रॅली मुळात अशाच गाड्यांची होती. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार १९७७ मध्ये आबिजान–नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, वाचला, आणि पुढच्याच वर्षी २६ डिसेंबरला त्याने पॅरिसहून डकारकडे पहिली रॅली सोडली. १८२ गाड्या निघाल्या, डकारला ७४ पोचल्या. एकूण विजेता मोटारसायकलवाला होता, पण चारचाकींत पहिली आली ती रेंज रोव्हर. पुढच्या वर्षी फोक्सवॅगनची इल्टिस, म्हणजे लष्करासाठी बनवलेली छोटी जीप. १९८१ ला पुन्हा रेंज रोव्हर, १९८३ ला जॅकी इक्सची मर्सिडीज जी-वॅगन, १९८५ ला मित्सुबिशी पजेरो. त्याच काळात पोर्शे आणि मग पेजो आपल्या रेसिंग गाड्या घेऊन आल्या आणि वेगाचा हिशेब बदलला. पजेरो मात्र २००७ पर्यंत बारा वेळा जिंकली, त्यातल्या २००१ ते २००७ या सात सलग. अर्थात शेवटच्या काळातली पजेरो बाजारातल्या पजेरोपासून खूप दूर गेलेली होती, तेही लक्षात ठेवा.

१९८५ चीच आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या मागून येणाऱ्यांना फार जवळची आहे. मर्सिडीजचे दोन युनिमॉग ट्रक त्या वर्षी स्पर्धक गाड्यांना सुटे भाग पुरवायला म्हणून उतरवले होते. आणि त्यांनीच ट्रकचा गट जिंकला. वेगाने जायचं त्यांच्या कामातच नव्हतं. अडलेल्यापर्यंत पोचायचं आणि पुढे जायचं, एवढंच काम होतं, आणि वाळवंटात ते पुरलं.

आता तुमच्या थारकडे येऊ. तुम्ही विचारलंय काय वाढवू. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: चार-पाच दिवस रोज मार खाऊन ही गाडी रोज संध्याकाळी कमीत कमी दुरुस्तीत कशी उभी राहील? घाटातल्या एका दिवसाच्या रॅलीत ताकद निकाल देते. अनेक दिवसांच्या वाळवंटी रॅलीत उष्णता, धूळ, वजन आणि रात्रीचे तीन तास निकाल देतात.

ताकदीचं आधी संपवतो. तुमच्या डिझेलला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, तो पहिल्या वर्षासाठी भरपूर आहे. संगणकात फेरफार करून टॉर्क वाढवला की क्लचप्लेट, टर्बो आणि रेडिएटर यांच्यावर जादा भार येतो. वाळूत गाडी कमी वेगात, इंजिनच्या जास्त फेऱ्यांवर, पूर्ण जोर लावून चालते. त्यात वारा मागून असला तर रेडिएटरमधून हवा जेमतेमच जाते. चालक सांगतात, "सपाटीवर तापमानाचा काटा ठीक होता, धोऱ्यांत, म्हणजे वाळूच्या टेकड्यांत, शिरलो आणि वर गेला." कारण हे. त्यामुळे ताकदीचे पैसे थंडाव्यावर घाला. रेडिएटर आतून-बाहेरून साफ, पंख्याभोवतीचं आवरण फट न ठेवता बसवलेलं, कूलंटच्या सगळ्या नळ्या नव्या, पुढे बारीक जाळी. राजस्थानात सेवण गवताचं बी जाळीत अडकतं आणि अर्ध्या दिवसात रेडिएटरवर गोधडी पांघरल्यासारखं होतं. ती जाळी दर थांब्यावर हाताने झटकायची.

गाडी चार इंच उचलू नका. हे मी ठासून सांगतो. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. गाडी उचलली की पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या जॉइंटवरचे रबरी बूट ताणले जातात आणि फाटतात. मग त्यात वाळू शिरते आणि जॉइंट काही तासांत संपतो. शिवाय चाकाला खाली सुटायला जागाच उरत नाही, म्हणजे खड्ड्यावरून उडताना चाक जमीन सोडतं आणि आपटतं. गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. धोऱ्याच्या उतारावर गाडी तिरकी झाली तर हेच चार इंच तिला कुशीवर लोळवतात. पजेरो, लँड क्रूझर, कुठलीही चांगली रॅली गाडी बघा, ती उंच दिसत नाही, ऐसपैस दिसते.

पैसा घालायचा तर शॉकअपमध्ये घाला. चाक वर-खाली होताना जी ऊर्जा असते ती शॉकअपच्या तेलात उष्णता होऊन जाते. गाडी जितकी जड, वेग जितका जास्त आणि खाचा जितक्या सलग, तितकं तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस येतो आणि शॉकअप दाबच धरत नाही. वीस किलोमीटर खडखडीत वाटेवर गेल्यावर गाडी होडीसारखी हलायला लागली तर समजा की शॉकअप गेलाय, स्प्रिंग नव्हे. उपाय म्हणजे जाड नळीचा, बाहेर वेगळी टाकी असलेला शॉकअप, ज्यात तेल जास्त आणि थंड व्हायला पृष्ठभाग जास्त. त्याबरोबर हालचालीच्या शेवटी आपटणं झेलणारे चांगले बंप-स्टॉप. माझ्याकडे कमी बजेटचा माणूस आला तर त्याला मी एवढंच करायला सांगतो, बाकी सगळं पुढच्या वर्षी.

शॉकअप चांगले झाले की त्यांचा मार चेसिसवरच्या बैठकीवर येतो, हे मात्र विसरलं जातं. माझ्याच हातून ही चूक झालेली आहे. शारजात सुरुवातीच्या काळात एका लँड क्रूझरच्या मागच्या शॉकअपच्या बैठकीला मी जाड पट्टी लावून चौफेर भक्कम वेल्डिंग मारलं. तिसऱ्या दिवशी पट्टी होती तशीच होती, आणि तिच्या कडेला लागून चेसिसच फाटली होती. वेल्डिंगच्या तापाने शेजारचं लोखंड ठिसूळ झालं, आणि चौकोनी पट्टी जिथे संपत होती तिथे सगळा ताण एका रेषेवर आला. तेव्हापासून पट्टीचं टोक निमुळतं किंवा माशाच्या तोंडासारखं कापतो, चेसिसवर आडवा टाका कधी मारत नाही, आणि जिथे बोल्टने भागतं तिथे वेल्डिंग करत नाही. तुमच्या फॅब्रिकेटरला हे आधीच सांगा. तो ट्रॉलीच्या हिशेबाने भरभक्कम टाके मारील आणि त्याचा त्याला अभिमानही वाटेल.

टायरबद्दल लोक मापावर फार बोलतात, हवेवर कमी. साधा हिशेब करू. सामान, दोन माणसं, पिंजरा धरून थार दोन टनांपर्यंत जाईल, म्हणजे चाकामागे ५०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय म्हणजे साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग होतो सुमारे २२० चौरस सेंटिमीटर. हवा १६ वर आणली की तो ४४० च्या आसपास जातो. टायरच्या भिंतीचा कडकपणा धरला तर आकडे थोडे हलतील, पण तत्त्व हेच. शिवाय टेकणारा भाग रुंदीत कमी आणि लांबीत जास्त वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणून गाडी वाळू खणत नाही, तिच्यावर तरंगते. एक इंच मोठा टायर घेऊन जे मिळत नाही ते व्हॉल्व्हची पिन दाबून दोन मिनिटांत मिळतं.

पण कमी हवेची किंमत असते. १६ वर जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून उतरतो, आणि दगडी वाटेवर त्याच हवेने गेलात तर बाजूची भिंत कापली जाते. जैसलमेरकडे एकाच टप्प्यात मऊ वाळू आणि धारदार खडी दोन्ही येतात, तिथे मी १८ ते २० वर थांबायला सांगतो आणि रुतलीच तर आणखी सोडायला. तुमच्याकडे १८ इंची रिम असतील तर १६ च्या घ्या. टायरची भिंत उंच मिळते, हवा सोडायला वाव राहतो. स्टेपनी दोन. आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर स्वस्तातला नको, कारण वाळूतून बाहेर पडल्यावर चार टायर भरताना तोच तापून बंद पडतो.

धूळ. यावर मी दिवसभर बोलू शकतो. सहाराच्या रॅलीवाल्यांकडे 'फेश-फेश' असा शब्द आहे. मैद्यासारखी बारीक धूळ, वरून कडक दिसते, चाक गेलं की धप्प करून आत. ती पाण्यासारखी प्रत्येक फटीत शिरते. फिल्टर कितीही महागाचा असो, त्याच्या पेटीचं झाकण नीट बसलं नसेल तर धूळ बगलेतून जाते आणि बोअर, रिंगा घासते. एका राजस्थान रॅलीत एका जिप्सीने दुसऱ्या दिवशी ऑइल प्यायला सुरुवात केली. मालक इंजिनला दोष देत होता. पेटीचं एक क्लिप तुटलं होतं आणि ते तारेने बांधलेलं होतं, एवढंच कारण निघालं. तपासायची माझी रीत सोपी आहे: फिल्टरच्या पुढे, इंजिनकडच्या नळीत आतून बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. संध्याकाळी नळी काढून बघायची. ग्रीस स्वच्छ असेल तर निवांत झोपा. वाळूचा कण जरी चिकटला असेल तरी फट सापडेपर्यंत झोपू नका.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो, कारण इथे मी किंवा कोणीच ठाम उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही शुद्ध वेगाच्या गटात उतरणार की ठरलेला सरासरी वेग सांभाळायच्या गटात, यावर जवळपास सगळं ठरतं. दुसऱ्या प्रकारात जवळजवळ मूळ गाडी चालते आणि सगळा कस शेजारी बसणाऱ्याचा लागतो. पहिल्यात पिंजरा, हार्नेस, अग्निशामक, हेल्मेट, कपडे यांचे नियम कडक असतात. कुठला बदल कुठल्या गटात चालतो ते त्या वर्षीच्या नियमावलीत वाचा, मित्राच्या सांगण्यावर वेल्डिंग सुरू करू नका. परवान्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाकडे जावं लागतं. थार हीच तुमची रोजची गाडी असेल तर माझा सल्ला सरासरी वेगाच्या गटाचाच आहे.

शेजारी बसणारा हा गाडीचाच भाग धरा. डकारमध्ये रस्ता दाखवणारा नकाशा मिळत नाही, रोडबुक मिळतं: किती किलोमीटरवर, कुठल्या दिशेला, समोर काय दिसेल, धोका किती. ठरलेले बिंदू उपकरणावर जवळ गेल्याशिवाय उघडतच नाहीत. ज्याला चालत्या, हादरणाऱ्या गाडीत वाचून मळमळतं तो कितीही जिवलग मित्र असो, त्याला घेऊ नका. आधी एक दिवस माण तालुक्यातल्या माळावर त्याला शेजारी बसवून वाचायला लावा.

रात्रीचं काम मी असं करतो. गाडी आली की आधी धुवायची नाही, खाली आडवं होऊन बघायचं, कारण तेलाची गळती धुळीवर ओली रेघ सोडते आणि पाण्याने ती रेघ जाते. रॅलीआधी महत्त्वाच्या प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं. मग चाक वर उचलून हाताने हलवायचं: बॉल जॉइंट, टायरॉड, बेअरिंग. मग फिल्टर, जाळी, बेल्ट. गाडी दणकट असण्याचा खरा फायदा इथे दिसतो. आफ्रिकेत मदत संस्था आणि खाणवाले ७० मालिकेची लँड क्रूझर का घेतात? तिच्या जुन्या ४.२ लिटर सहा सिलिंडर डिझेलला टर्बो नाही, पंप यांत्रिक, मागे कमानपाटे, आणि जे मोडतं ते साध्या पान्यांनी उघडतं. वेगात ती मागे पडते, पण अंधारात, वाऱ्यात, थकलेल्या हातांनी दुरुस्त होते. तुमच्या थारमध्ये सेन्सर बरेच आहेत, त्यामुळे सुटे सेन्सर, कोड वाचायचं यंत्र आणि वायरिंगच्या जोडांवर धूळ-पाणी न शिरण्याची सोय, हे तुमच्या यादीत वर घ्या.

डकारचं म्हणाल तर वाट अशक्य नाही. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते, म्हणजे आपल्याला आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेपेक्षा जवळ. २०२१ पासून तिथे जुन्या गाड्यांसाठी डकार क्लासिक हा सरासरी वेगाचा गट सुरू झाला, आणि आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये लँड क्रूझर घेऊन त्यात उतरले आणि शेवटपर्यंत पोचले. गाडीची निवड बघा. तुमच्या शंकेचं उत्तर तिथेही आहे.

थोडक्यात तुमचा क्रम: शॉकअप, टायर आणि हवा, थंडावा, धूळ, मग सुटे भाग. ताकद आणि उंची यादीत नाहीत. पण शॉकअप आणि स्प्रिंग कुठली हे मी इतक्यात सांगणार नाही. पूर्ण सामान भरा, टाकी फुल करा, दोन माणसं बसवा आणि जवळच्या कारखान्याच्या ऊसकाट्यावर गाडी घाला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. काट्याला छोटे आकडे नीट येत नसतील तर भंगारवाल्याचा बारीक काटा शोधा. ते तीन आकडे इथे लिहा, स्प्रिंगचं त्यावरून बोलू.